गुलाबी बाटली

...आणि तोंडात औषध असताना माणूस बोलणार कसा? नाही, तुम्हीच सांगा! दाढ काढली माझी, हिरडी सुजली, हिंजवडीच्या डॉक्टरीणबाईंनी गुळण्यांना क्लोरहेक्झिडीन दिलं. गुलाबी. सकाळ-संध्याकाळ एकेक मिनिट, त्यावर लगेच चहा नको, आणि आठवडाभरच हं, दात तपकिरी होतात, असं बाई बजावत होत्या तेव्हा आमचे वडील, वाल्मीकअण्णा, फोनवर टँकरवाल्याला शिव्या घालत होते. कानात शिरलं काय? एवढंच, की औषध चांगलंय. आणि चांगली वस्तू आमच्याकडे अर्धी टाकत नाहीत. आठवडा गेला, महिना गेला, अण्णा रोज मोरीपाशी हजर, "बाटली संपव." संपली की नवी, कारण गुण आलाय म्हणे!

बरं, यांना माझ्याशी बोलायचं सुचतं कधी? माझं तोंड भरलं की! तुम्हाला सांगतो, जांबे गावात आमच्या भाड्यानं दिलेल्या खोल्या. मोटर लावा, टँकर गाठा, तुंबलेलं गटार उपसा, आणि हे मी जन्मभर करावं. मला सूसला अमोघदादाच्या गॅरेजात शिकायचंय, सोमवारी बोलावलंय... कॉलेज सोडलं ते काय गटारासाठी? तर ऐन गुळणीत हे काकांसमोर म्हणतात, "दिग्या खोल्या बघणार हाय. व्हय ना रं?" मी हात हलवतोय, डोळे फिरवतोय, गालांचे झालेत फुगे! काका म्हणे, "न्हाई म्हणत न्हाई, म्हंजी तयार हाय." थुंकलो, तोवर हातात चहा. पाहुण्यासमोर चहाला नाही म्हणायचं नाही, हा घरचा कायदा! प्यायलो. रोज कुणीतरी पाहुणा, रोज चहा.

सोमवारी गॅरेजात पोचलो, हसून नमस्कार केला, आणि तिथंच मेलो. अमोघदादानं दात पाहिले, भिंतीवरची पाटी दाखवली. गुटखा खाणाऱ्याला काम नाही. म्हटलं दादा, औषध आहे हो... "औषधानं कुणाचं दात असं व्हत्यात व्हय?"

घरी आलो. आजी, तुळजाबाई, जन्मभर दाताला तंबाखूची मिशरी लावत आलेली, माझी हनुवटी धरून तोंड निरखते आणि काय खूश होते म्हणता! "आत्ता दिसतुयास आपल्या घरचा."

डॉक्टरीणबाई म्हणतात, डाग निघतील, एका बैठकीचं काम. अण्णांना सांगितलं. त्यांनी खोल्यांच्या पाण्याच्या टाकीची किल्ली माझ्या हातात ठेवली.

"गटारात दात कोण बघतंय? बाटली संपव."

मग काय... भरली गुळणी.