ताई, ते मशीन खाली ठेव

हॅलो?… हो ताई, बोल… अगं हळू, काही कळत नाहीये… बबडी? बाथरूमला आतून कडी लावून बसलीय? कधीपासून?…

थांब जरा… काकू, दोनच मिनिटं हं, डोकं असंच बेसिनला मागे टेकून ठेवा, केस धुतेच, बहिणीचा फोन आहे… हं, बोल.

काय? तिचा गोटा करणार? तू?… आणि मशीन कुठलं? भाऊजींचं दाढीचं? जाताना नेलं नाही त्यांनी?… ताई, ते आधी खाली ठेव. नाही, आधी ठेव, मग बोलू… ठेवलंस?

हो, कानामागची केस गेलेली जागा माहितीये मला. मागच्या रविवारी केस कापताना पाहिली ना… नाही गं, चाई नव्हे. चाईत कातडी गुळगुळीत होते. हिचे खुंट बोटाला टोचतात, एक लांब, एक आखूड… बुरशीसुद्धा नाही वाटत, खपल्या कुठायत?… आणि रक्त तपासलंस ना तू? लोह ठीक, थायरॉईड ठीक. मग तेल बदलून काय होणारे? हे चौथं तेल!… गोटा केला म्हणून केस दाट येत नाहीत. वीस वर्षं हेच करतेय मी…

हो, हो… अगं ऐक ना…

ताई, ती स्वतःच उपटते.

…हो. एकेक करून. अभ्यासाला बसली की, झोप लागेना की… तिनंच सांगितलं. माझ्या खुर्चीत बसून रडली. म्हणाली, "मावशी, हात आपोआप जातो, आईला सांगू नकोस." शब्द दिला होता मी तिला.

ओरड माझ्यावर, हवं तेवढं ओरड. तिच्यावर नको… नाटकं नाहीत गं ती! तू नखं खातेस ना अजून? तसंच, पण फार वाढलेलं… वेडबिड काही नाही. माझ्याकडे एक बाई यायची अशी, तिचे आलेत परत. वेळ लागला… आधी त्वचेच्या डॉक्टरांकडे, त्यांनी नीट बघू दे. मग समुपदेशक. हात डोक्याकडे निघाला की काय करायचं ते शिकवतात. गोळ्या लागल्या तर डॉक्टर ठरवतील, आपण नाही.

कशामुळे ते मी कशी सांगू?… तू म्हणतेस ना, केस जायला लागून आठ महिने झाले? भाऊजी घर सोडून गेले त्याला किती झाले?… रोज फोनवर तुमची दोघांची जुंपते, ती भिंतीपलीकडेच असते… दोष नाही देत गं. रडू नकोस. फोन दाराशी ने… ने म्हणते ना.

बबडी? मावशी बोलतेय… हो बाळा, सांगितलं मी आईला. शब्द मोडला. मला भीती वाटली गं… बोलू नकोस माझ्याशी, चालेल. पण केसांना कुणी हात लावणार नाही… नाही, आई चिडली नाहीये. घाबरलीय. दाराशीच बसलीय… विचार तिलाच.

ताई, बोल काहीतरी… काहीही. जेवलीस का विचार…

…कडी वाजली का?… ताई?… हॅलो?…

…बरं. असू दे, रडा दोघी. मी ठेवते.