पाटलाचा हात

हसा, तुम्ही खुशाल हसा. पण जानेफळच्या वाचनालयाची ती मीटिंग आठवली की मले अजूनही राग येते.

महाराष्ट्र होऊन दोन-तीनच वर्षं झाली होती. कमिटीले इतिहासाचं एकच जाडं पुस्तक घेता येत होतं, अन् नमुन्याले दोन आली होती. एक, राष्ट्र कसं घडते यावर. दुसरं आपल्या वऱ्हाडावर. निजाम, इंग्रज, मध्यप्रदेश, साऱ्याईच्या हाती वऱ्हाड गेलं, पण इथल्या माणसाले कोणी विचारलं नाही, असं त्यात लिहिलं होतं. मले तेच पाहिजे होतं.

मी म्हटलं, हात वर करून मत घेऊ. राष्ट्राच्या पुस्तकाचं नाव घेतलं तं एकही हात वर नाही. तेवढ्यात अध्यक्ष पाटलानं हात वर केला. झालं, साऱ्याईचे हात वर.

अन् पाटील तोच हात हालवत खिडकीतून समोरच्या हॉटेलवाल्याले म्हणतात, "चहा पाठव बे."

माझं डोकंच फिरलं. कमिटीतल्या सदाशिवभाऊचाही हात वर होता. "काऊन हो सदाशिवभाऊ, पुस्तक उघडून तरी पाह्यलं काय?"

"पाटलानं पाह्यलं असंन ना."

पाटील म्हणाले, "म्या कुठं पाह्यलं?"

"मंग पुन्हा मत घेऊ," मी म्हटलं. "आपल्याले कोणी विचारलं नाही म्हणून आपण रडतो. आता मी विचारून राह्यलो. सांगा."

सारे पाटलाकडं पाहत बसले. मंग सदाशिवभाऊ हळूच म्हणाले, "पाटील, या टायमाले चहाचं तोंडानंच सांगा. आमचा घोळ होते."