‘नाही’च्या पुढचं वाक्य

—हो हो, अक्षर माझंच आहे, मॅडम, आणि त्याबद्दल आधीच माफी मागतो. शुद्धलेखनाचं तर विचारूच नका. सातवीत शाळा सुटली — सुटली म्हणजे मीच सोडली, मास्तर सगळ्या वर्गासमोर उभं करून धडा वाचायला लावायचे आणि माझ्या तोंडातून शब्द फुटायचा नाही. तर ऱ्हस्व-दीर्घ तुम्हीच बघून घ्या, आणि शब्दही साधेच आहेत, तुमच्या चौकशी समितीच्या कागदात शोभतील का माहीत नाही. बसा ना. ती खुर्ची नको, तिचा पाय हलतो, इथे या गाठोड्यावर बसा — धुतलेलं आहे, घाबरू नका. एक मिनिट, हा ड्रायर बंद करतो, नाहीतर ओरडत बसावं लागेल... हां. आता ऐकू येईल. वर बोलावलं असतंत तरी आलो असतो हो. तुम्ही उगाच एवढे जिने उतरून तळघरात आलात. हॉस्पिटलच्या लाँड्रीत कपड्यांशिवाय कुणी येत नाही.

कुठली ओळ? ‘ताई ऑपरेशनला नाही म्हणाली.’ हो, बरोबर आहे की. स्वतःच्या कानांनी ऐकलं, एकदा नाही, दोनदा. त्यात खोटं काही नाही. पण तुम्ही तिथेच थांबू नका — म्हणजे, मी तिथेच थांबलोय, माहितीये मला, अर्ध्या पानावर थांबलोय. पुढचं लिहायला बसलो आणि हात चालेना. बोलतोय तेवढंच खूप समजा. इथली पोरं मला ‘नवरी’ म्हणतात, मान खाली घालून असतो म्हणून. डबा खाताना सुद्धा म्हणतात, ‘नवरी, पदर आवर, भाजीत पडेल.’ चालायचंच. माझी काही तक्रार नाही.

तक्रार दाजींची आहे. ताईच्या नवऱ्याची. स्वतःच्या बायकोवर तक्रार करायला माणसाचं काळीज कसलं असेल — नाही, तसंही नाही म्हणत मी, त्यांचाही मुलगा गेला. ते चार महिने पाळण्याला रंग लावत होते. घासून घासून, तीन-तीन हात. मग त्यांच्या आईने कानाशी लावलं, ‘डॉक्टर वाचवायला उभे होते आणि हिने हात लावू दिला नाही,’ आणि हॉस्पिटलनेही तेच लिहून दिलं, रुग्णाने समजून उमजून उपचार नाकारला. झालं. दोन्हीकडून हात वर. आता घरी पोलिसांचा कागद आलाय, आणि तुमची समिती काय म्हणते त्यावर ताईवर खटला व्हायचा की नाही ते ठरणार. पोटातल्या बाळाला आईने मारलं, असा. त्यांच्या भाषेत काय म्हणतात ते तुम्हाला ठाऊक. आमच्या भाषेत, ती पाच वर्षांच्या पोरीला वेणी घालत असते आणि दाराची कडी वाजली की पोरीचे केस हातात तसेच धरून बसते.

मला विचाराल तर — नाही, तुम्ही विचारलं नाहीत, मीच सांगतो. अंग तिचं. कापायचं की नाही ते तीच सांगणार, दुसरं कोण सांगणार? मोठ्या डॉक्टरीणबाईही तेच म्हणाल्या की, ‘ती हो म्हणाल्याशिवाय मी सुरी लावणार नाही, कायदाच तसा आहे.’ त्यांचं काही चुकलं नाही. आणि वॉर्डातली मावशी म्हणाली, ‘आई झाली की अंग तिचं एकटीचं राहतं का रे?’ तिचंही ऐकताना पटतं. मी रोज चादरी घालतो प्रेसमध्ये आणि हाच विचार. एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने. पण त्या दोघींनाही जे माहीत नव्हतं ते मला माहीत होतं. ते असं की ताईचं ‘नाही’ तिथे संपत नव्हतं. त्याच्या पुढे एक वाक्य होतं.

हे नीट सांगायचं तर भाचीच्या वेळचं सांगावं लागेल. पाच वर्षं झाली. दुसऱ्या हॉस्पिटलात, इथे नाही. तेव्हाही सिझर. पाठीत इंजेक्शन दिलं आणि ते लागूच पडलं नाही. ताई ओरडत होती, ‘मला कळतंय, मला सगळं कळतंय,’ आणि ते म्हणत होते, ‘भीतीने वाटतं तसं, नुसतं ओढल्यासारखं वाटेल.’ ओढल्यासारखं! तिने मला सांगितलंय, मॅडम, कुठून कुठपर्यंत कापलं ते तिला बोटाने दाखवता येतं. घरी आल्यावर सगळ्यांना सांगितलं तिने. आईला, सासूला, दाजींना. सगळे म्हणाले, बाईचा जन्म आहे, विसर. मी काही म्हणालो नाही. मी काय म्हणणार, मी तेव्हा सतरा वर्षांचा. पण मी उठूनही गेलो नाही, बसून शेवटपर्यंत ऐकलं. म्हणून असेल, ती माझ्याजवळच बोलायची. भांडी घासताना मध्येच थांबायची आणि म्हणायची, ‘अजून सांगू?’

तर त्या दिवशी. दुपारची गोष्ट, जेवणं नुकतीच झालेली. बाळाचे ठोके उतरायला लागले. डॉक्टरीणबाई आल्या, म्हणाल्या सिझर करावं लागेल, आत्ता. ताई कळांनी अर्धमेली झालेली — ती नुसती ‘नाही, कापू नका, नाही’ एवढंच करत राहिली. त्यांनी समजावलं, खरंच समजावलं, मी दारात उभा होतो, मी इथला माणूस म्हणून मावशीने उभं राहू दिलं होतं. मग पलीकडच्या खाटेवर कुणाला रक्त फार जायला लागलं आणि त्या तिकडे धावल्या. तेवढ्यात ताईने मला खुणेने बोलावलं. मनगट धरलं माझं — ही खूण आता गेली, पंधरा दिवस होती — आणि एकेक शब्द तोडून म्हणाली, ‘त्यांना सांग, मागच्या वेळी सुई लागली नव्हती. मला पूर्ण झोपवा म्हणावं, काही कळता कामा नये, मग काय हवं ते कापा. तसं असेल तर हो. नाहीतर नाही.’ आणि म्हणाली, ‘तू इथला आहेस. तुझं ऐकतील.’

इथला! मॅडम, तुम्ही वरच्या मजल्यावर बसता, तुम्हाला सांगतो इथला म्हणजे काय. लाँड्रीच्या माणसाने लेबर रूमच्या मागच्या दाराशी जायचं, घंटी दाबायची आणि दोन पावलं मागे सरून उभं राहायचं. आत बघायचं नाही, बोलायचं नाही. आतून मळकं गाठोडं देतात, ते घेऊन खाली यायचं. पाच वर्षं मी हेच केलंय. डॉक्टरीणबाई तोपर्यंत त्या रक्त जाणाऱ्या बाईला घेऊन आतल्या खोलीत गेलेल्या, तिथे जायला तेच मागचं दार. मी गेलो. घंटी दाबली. आणि दोन पावलं मागे सरलो — पायांनाच सवय, मी कुठे ठरवलं होतं! दार उघडलं, आत नवीन सिस्टर होती, तिने माझा निळा शर्ट बघितला आणि गाठोडं माझ्या हातात दिलं. ‘लवकर ने, इथे पाय ठेवायला जागा नाही,’ म्हणाली. मी म्हणालो, ‘सिस्टर, ते—’ ती म्हणाली, ‘अरे ने ना बाबा!’ आणि मी म्हणालो, ‘हो.’

हसू नका. नाही, तुम्ही हसलाच नाहीत, मलाच वाटलं. मी हो म्हणालो आणि गाठोडं घेऊन खाली आलो. जिना उतरताना मनात वाक्य पाठ करत होतो. ‘मॅडम, माझ्या ताईचं असं म्हणणं आहे की.’ ‘मॅडम, एक विनंती होती.’ खाली येऊन गाठोडं ठेवलं, आणि लगेच वर नाही गेलो. हे मी कागदावर लिहिलेलं नाही. लगेच नाही गेलो. इथे, या टेबलाशी उभा राहिलो, घाम पुसला, पाणी प्यायलो. म्हटलं, गाठोडं न घेता परत घंटी वाजवली तर ती सिस्टर विचारेल, आता काय? आणि मी काय सांगणार, सुरुवात कशी करणार? वीस मिनिटं गेली, जास्तच असतील. वर ताई मरणाच्या दारात आणि मी इथे पहिला शब्द कुठला घ्यावा ते ठरवतोय.

वर गेलो तेव्हा डॉक्टरीणबाई ताईजवळ उभ्या होत्या. कपाळावर हात ठेवून विचारत होत्या, ‘शेवटचं विचारते बाळा, करू या का?’ आणि ताईने माझ्याकडे बघितलं. मी — मी मान खाली घातली. सवयीने. तिला वाटलं मी सांगितलं आणि त्यांनी नाकारलं. अहो, दुसरं काय वाटेल? ती म्हणाली, ‘मी काय ते सांगितलंय. नाही.’ बाईंना वाटलं, तेच मघाचं नाही. मी खाली असताना लिहून ठेवलेला कागद त्यांनी मागवला. दोघीही खरं बोलत होत्या, मॅडम. मध्ये मी उभा होतो, दोन हातांवर. तेव्हाही बोलता आलं असतं. पाचला बाळ आपसूकच बाहेर आलं. रडलं नाही. मुलगा होता, केस भरपूर.

मागच्या आठवड्यात भूल देणारे डॉक्टर भेटले जिन्यात. मी धीर करून विचारलं — दुसऱ्या कुणाबद्दल म्हणून विचारलं — की साहेब, एखादी बाई म्हणाली मला पूर्ण झोपवूनच कापा, तर करता येतं का? ते म्हणाले, ‘येतं की. दहा मिनिटांचं काम. सांगायला हवं फक्त.’ आणि वर गेले शीळ घालत.

ताईला हे ठाऊक नाही. ती समजतेय, डॉक्टरांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. परवा पोरीला भरवताना म्हणाली, ‘सगळे उलटले रे, पण तू गेला होतास माझ्यासाठी बोलायला. माझा भाऊ गेला होता.’ मी ताट उचललं आणि मोरीत जाऊन बसलो. तुम्ही हे लिहून घेताय ना? लिहा. ती नाही म्हणालीच नव्हती हो, तशी. ती सांगत होती कसं करायचं ते. खटला भरायचा तर... नोकरीचं काय व्हायचं ते होईल. पण तिला कुणीतरी सांगावं लागेल, आणि ते तुम्ही नका सांगू. मी सांगेन. म्हणजे, प्रयत्न करेन.

काय काढताय पिशवीतून? अच्छा. हा तो कागद. नकाराचा. हो, अंगठा ताईचा, पेन धरवत नव्हतं तिला. ‘साक्षीदारासमोर सर्व समजावून सांगितले, रुग्णाने स्पष्ट नकार दिला, वेळ दोन वाजून वीस.’ सही — हो. माझीच आहे.

दोन वाजून वीसला मी खाली होतो, मॅडम. आत्ताच सांगितलं ना, पाणी पीत होतो. कागद केला तेव्हा साक्षीदाराची जागा कोरीच राहिली, कुणाच्या लक्षात आलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आलं लक्षात. नाही, मला सुट्टी नव्हती, सुट्टी मागायची तर ऑफिसात जाऊन बोलावं लागतं. सात वाजता ड्यूटीवर आलो. ऑफिसातले साहेब स्वतः खाली आले, कागद घेऊन, आणि म्हणाले, ‘नातेवाईकही तूच, कर्मचारीही तूच, एवढी सही कर बरं, नुसती पद्धत असते.’ मी वाचलं नाही. नाही — खोटं कशाला बोलू — वाचलं. हळू वाचतो मी, पण पूर्ण वाचलं. मग ओले हात पँटीला पुसले, शाई फुटू नये म्हणून, आणि सही केली. ते म्हणाले, ‘शाबास.’ मी त्यांना थँक्यू म्हणालो.