लाथेनंतर हात खाली येतात

अरे, त्या खुर्चीत नको बसूस — ती ह्यांची आहे, दुसरं कोणी बसून गेलं की ह्यांना लगेच कळतं आणि भडकतात, उशी दबते ना, वरच्या पायरीवरून थेट दिसते ती — तू इथे खाली बस, टीव्हीजवळ, तसंही तुला तारा जोडायच्यात. आणि तुला अहो-जाहो काही जमायचं नाही मला, माझ्या मुलाएवढा दिसतोस. तो बोटीवर असतो, वर्षातून एकदा तोंड दाखवतो. हे वर आहेत, गच्चीवर. ऐकतोयस ना ती धपधप? व्यायाम. सत्तरी उलटली तरी एक दिवस चुकवत नाहीत, अजून खांद्याइतका पाय वर जातो, कोणी आलं की करून दाखवतात. चहाच्या वेळेला उतरतील. नको, तू वर नको जाऊस, जिन्याचा कठडा हलतो वरच्या अंगाला — सुतार आजच येणार होता, मीच म्हटलं परवा ये — म्हणजे घरात पाहुणा यायचाय आणि ह्याची ठोकाठोक कुठे ऐकत बसायची. तू लाव तुझं व्हिडिओ गेमचं यंत्र.

फोनवर मीच होते, हो. तू इतके महिने त्या खेळाच्या खोक्यावर सही द्या म्हणून ह्यांच्या मागे लागला होतास आणि हे दर वेळी फोन आपटायचे, मग काल मीच लावला तुला. काल का? सांगते, आधी तू सांग, तू ओळखलंस कसं? सिनेमाचा हिरो वेगळा, पोस्टरवर तो, खेळाच्या खोक्यावरही त्याचाच चेहरा — आणि आत लाथा मारतोय तो माझा नवरा, हे जुनी यंत्रं दुरुस्त करता करता तुझ्या लक्षात आलं? — गुडघ्यावरून? हुशार आहेस बाबा. सिनेमातला हिरो लाथेनंतर दोन्ही पायांवर येतो आणि खेळातला उजव्या पायावर येऊन जरा थांबतो, बरोबर. त्याच सिनेमात हे भिंतीवरून पडले होते, हिरोच्या ऐवजी — डमी होते ना त्याचे — तेव्हापासून तो उजवा गुडघा अधूच आहे. पुढे सिनेमावरून खेळ काढायचं ठरलं, त्या लोकांना एकेका लाथेचे, एकेका ठोशाचे फोटो हवे होते, आणि हिरो कसला येतोय गोदामात दिवसभर उभा राहायला. मग त्याचे कपडे ह्यांच्या अंगावर चढवले. नाव मात्र कुठेच नाही. तो राग अजून आहे त्यांना. राग काय, कशाचाही असतो.

आली बघ पडद्यावर, ती काळ्या कपड्यांतली, तोंडाला फडकं बांधलेली — ती मी. हसतोयस काय, होते मी अशी. कसरतीच्या वर्गातली मुलगी, खलनायकाच्या टोळीत घेतली होती, सिनेमात चार कोलांट्या मारल्या आणि हिरोच्या हातून मेले. इथे मात्र मला घेऊनही खेळता येतं म्हणतोस? मग तू हिरो हो, मी मीच होते. बटणं सांग. हे ठोसा, हे लाथ, ही काडी इकडे-तिकडे सरकायला. — अग बाई, मेले वाटतं. पुन्हा लाव.

थांब, थांब, तिथे थांबव. मार खाल्ल्यावर कशी होते बघ ती. मान अशी, तोंड वाकडं, डोळे मिटलेले. छान आलंय ना? सगळे तेच म्हणाले तेव्हा. आधी मी आपली मान फिरवून 'आई गं' केलं, तर फोटोवाला म्हणाला, हे खोटं दिसतंय, सिनेमात खपतं, फोटोत नाही खपत. तर हे म्हणाले, थांबा, मी बघतो. लग्न ठरलेलं होतं आमचं. मला वाटलं शिकवतील काहीतरी, कसा चेहरा करायचा ते — आणि पहिला ठोसा बरगडीत बसला. फोटोवाला म्हणाला, वा, आता दुसऱ्या बाजूने. त्याचं तरी काय, त्याला काम उरकायचं होतं. मी पण काही बोलले नाही, सगळे इतके खूश होते. नंतर गल्लोगल्ली पोरं बटणं दाबायची आणि मी तोच चेहरा करायचे, आणि घरी आले की — जाऊ दे. चहा घे, निवतोय.

नाही रे, शेजारच्यांना काय कळायचं. म्हणजे ऐकू जायचं, भिंती काय कागदाच्या. एकदा समोरच्या बाईंनी विचारलं तर हे हसून म्हणाले, आम्ही दोघंही फाइटवाले, सराव चालतो आमचा. तेव्हापासून कोणी विचारलं नाही. धपकन आवाज झाला की म्हणतात, म्हातारा-म्हातारी खेळतायत. पुढे माझ्याही अंगवळणी पडलं, ह्यांचंही वय झालं, वाटलं आता संपलं. तू डोळे नको मोठे करूस, मी रडगाणं गायला नाही बोलावलं तुला. खेळ तू.

आता ती मोठी लाथ मार. तीच, गिरकी घेऊन मारतो ती. — हां. बघ, थांबला. हात खाली. अगदी तस्साच. काल मी हे पाहिलं, जिन्याखाली उभी राहून. सून माझी — पोटुशी आहे, सातवा लागलाय — वाळलेले कपडे घेऊन गच्चीवरून येत होती, हे वरच्या पायरीवर उभे. ती म्हणाली, बाबा, जरा बाजूला होता का. एवढंच म्हणाली, तेही हळू. ह्यांचा पाय वर गेला. पोरगी चपळ म्हणून मागे सरली, लाथ भिंतीला बसली, ते बघ तिथे वर पोपडा उडालाय. आणि मग हे नुसते उभे. हात खाली, उजव्या पायावर भार, तोंड कोरं. सून कधीच बाजूने सटकून खाली आली होती आणि हे तिथेच. मला वाटायचं, ते थांबणं फक्त खेळात आहे, फोटोवाल्यानं ठेवून दिलेलं. इतक्या वर्षांत मी पाहिलं कसं नाही म्हणतोस? माझे डोळे मिटलेले असायचे ना रे.

तर मला एवढंच सांग, तू एवढा खेळलायस — हे दर वेळी होतं? एकदाही चुकत नाही? लाथ बसली तरी आणि हुकली तरी? — हुकली तर जास्त वेळ. असं. आणि पोरांना हे ठाऊक होतं? सगळ्यांना? म्हणजे गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक, आणि एका घरात राहून मला नाही. मग काय करायची ती पोरं? मागे पळायची? — नाही, बाजूला. आधी त्याला चिडवून लाथ मारायला लावायची, मग बाजूला व्हायचं, आणि तो उभा असला की खाली वाकून पायात पाय. करू दे मला. मार लाथ. — उशीर झाला. पुन्हा. — पुन्हा मार. — हां, पडला. बघितलंस, पडला. उठायलाही वेळ लागतो त्याला. पुन्हा मार. इकडे तोंड केलं की ह्याचा डावा गुडघा कसा झाला रे? — चित्र उलटं करतात होय. आमचे उलटे व्हायचे नाहीत, आमचा उजवाच. म्हणजे समोरून आले तर माझ्या डाव्या हाताला, कठड्याच्या बाजूला.

काय बघतोयस असा जिन्याकडे? सून घरी नाही, आईकडे धाडलंय मी तिला सकाळीच, चार दिवस राहून ये म्हटलं. ती कुठे निघत होती, तुम्हाला एकटीला कशी सोडू म्हणाली. परक्याची पोर, पण आल्या दिवसापासून माझ्या ताटात आधी वाढून मग स्वतः बसते. मला खूप झालं माझं, मी काही मागत नाही आता. पण त्या पोटातल्या जिवाला धक्का लागला तर मी मुलाला काय तोंड दाखवू, काय सांगू, की बघत होते खाली उभी राहून? — पोलीस? दोनदा जाऊन आले. ठाण्यातल्या साहेबाने ह्यांना बोलावून ह्यांची लाथ बघायला मागितली, आणि चहा पाजून दोघांना परत पाठवलं. — मुलाला कळवू? बोटीवरून येईस्तोवर बाळंत होईल ती. — पळून कुठे जाऊ, घर माझ्या वडिलांनी दिलेलं आहे. तू नको डोकं चालवूस, तू आपला लाथ मार. शेवटची. — हां. आता जमायला लागलं.

थांबली बघ धपधप. आता तोंड पुसतील, मग उतरतील. सही आज नाही मिळायची तुला, वाईट वाटून घेऊ नकोस. ऊठ. यंत्र राहू दे, उद्या-परवा ने, काही होत नाही त्याला. अरे, बंद कशाला करतोस, चालू ठेव, उलट आवाज वाढव. अजून. अजून थोडा. हां, समोरच्या बाईंना गेला असेल आता, म्हणतील, सराव चाललाय. आणि एक काम कर माझं, जाता जाता त्या खुर्चीत क्षणभर टेक. बस रे, उशी दबली म्हणजे झालं. मी चहा घेऊन वरच्या पायरीवर असेन, तिथून बरोबर दिसते ती. — नको? बरं, राहू दे. तू आलास, तारा जोडल्यास, चहा प्यालास, बाकी तुला काही ठाऊक नाही, कोणी विचारलं तर.

मीच बसते. — मऊ आहे की. इतकी वर्षं झटकली, पुसली, बसले आज. — दबली उशी. चहा घेऊन वर जाते मी, जा तू आता. चपला बाहेर जाऊन घाल. आणि दार ओढून घे.