विटाळ मशीनला होत न्हाई

मी कमठाण्याची. चौथी शिकले, पुढं बापानं शाळा सोडवली, म्हशीमागं जायला माणूस पाहिजे व्हतं म्हणून, त्येचं आता रडगाणं गायचं न्हाई. लग्न होऊन बिदरला आले, मैलूरात, मालक हमालीला जायचे आन् मी डाळीच्या मिलात लागले, तिथं माझी तीस वर्सं गेली बघा. पहिलं तूर निवडायला व्हते, मग मशीनवर घेतलं, कारण आवाजावरून मला कळायचं कुठला पट्टा ढिला पडलाय. तिथला मिस्तरी, त्येला आम्ही समद्या चाचा म्हणायचो, तो सांगायचा, अक्का, मशीन बिगडी तो सब एकदम मत खोलो, एक-एक निकालके देखो. शाळेत शिकले त्याच्यापरीस ते जास्त कामाला आलं.

मालक गेले. एकच ल्योक, सिद्राम, आता पस्तिशीचा हाय, आन् सून महादेवी, चिटगुप्प्याची. सिद्रामचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान व्हतं, ते बसलं. मग त्येनं हैदराबादहून जुनी ग्राफिक्स कार्डं आणली, सहा, एकेक विटेएवढं, पंखे लावलेलं, आन् लोखंडी चौकटीत ओळीनं बसवून मधल्या खोलीत ठेवली. दिसभर घरघर घरघर. मी विचारले, काय दळायलास रे ह्येच्यात? म्हणला, माय, हे गणितं सोडवायलंय, त्येच्या बदल्यात कॉम्प्युटरमधी नाणी मिळतेत. दाखव म्हणले तर म्हणतो हातात धरता येत न्हाईत. हातात येत न्हाई ते नाणं कशाचं, पर त्येचं पोट त्येच्यावर, म्हणून मी गप बसले. खोली अशी तापायची काय सांगू तुम्हाला, मी तिथं उडदाचे पापड वाळवलेत, खोटं न्हाई सांगत.

खंडेनवमीला आमच्याकडं समद्या हत्यारांची पूजा असते, विळा, कोयता, गाडी, शिलाई मशीन, मग ही बया कशी सुटंल. हळद-कुंकू लावलं, झेंडूची माळ घातली, लिंबू ठेवलं, नारळ फोडला. मशीन पंधरा दिस चांगली चालली.

मग मी दोन दिसासाठी कमठाण्याला भावाकडं गेले आन् इकडं घर मोडलं. झालं असं, की दुपारी सिद्राम बाजारात गेलेला, महादेवी घरात एकटी, आन् मधल्या खोलीतून जळका वास आला. ती पळत गेली आन् भिंतीवरचं बटण बंद केलं. शहाण्या बाईनं करावं तेच केलं. सिद्राम आला, चालू करून बघितलं, तर मशीन दहा मिनिटं चालायची आन् थिजायची, पुन्हा चालू, पुन्हा थिजायची. मग ह्येनं विचारलं हात कुणी लावला. ती म्हणली मी लावला, वास आला म्हणून. आन् ती व्हती चार दिसातली. झालं! म्हणला, पूजा केलेल्या मशीनला तू विटाळात शिवलीस. ती म्हणली, न शिवता बसले असते तर घर जळालं असतं, मग काय राखेची पूजा करायची व्हती का? ते त्येला लागलं. म्हणला, जा तुझ्या माहेरी, मशीन सुरू झाली की बघू. तिनं पिशवी भरली आन् चिटगुप्प्याची बस धरली.

मी परत आले तर चूल थंड आन् हा मशीनपुढं समद्या वायरी काढून बसलेला. महादेवी कुठं हाय? तर ही कथा. बाई, माझं टाळकंच फिरलं. म्हणले, आरं भाड्या, तिच्या हातची भाकर त्या चार दिसात खातोस का न्हाई? तुझ्या तोंडाला विटाळ होत न्हाई आन् लोखंडाला कामून होतो? मिलात आम्ही चाळीस बाया व्हतो, रोज कोण ना कोण त्या दिसातली असायचीच, अशानं मशीन बंद पडत असती तर बिदरात कुणाच्या ताटात वरण पडलं असतं का? तो म्हणला, माय, तुला ह्येच्यातलं कळत न्हाई. म्हणले, तुला तरी काय कळायलंय? दोन दिस झाले, समदं एकदम खोलून बसलास.

मग मी त्येच्या उरावर बसले. म्हणले, सहाच्या सहा काढ. आता एक लाव, चालव. भात शिजायला लागतो तितका येळ बघायचं. पहिलं चाललं. ते काढ, दुसरं लाव. चाललं. तिसरं, चौथं चाललं. पाचवं लावलं, आन् दहा मिनिटांत थिजलं. तो लगीच म्हणला वायर खराब असंल. म्हणले, तीच वायर पहिल्याला लाव. लावली, चाललं. आता पहिल्याची चांगली वायर पाचव्याला लाव. लावली, पुन्हा थिजलं. म्हणजे वायर न्हाई, कार्डच. म्हणले, पालथं कर, उजेडात धर.

पालथं केलं तर खाली जे सोनेरी दाते असतेत ना, चौकटीत बसतेत ते, त्येच्यावर हिरवा गंज, एक जागा काळी जळालेली, आन् बाजूला चिकट डाग. डागात मुंग्या चिकटून मेलेल्या. मी नखानं खरवडून वास घेतला. आंबूस. जिभेला लावलं तर गोड.

नारळाचं पाणी.

आन् ते कुणी शिंपडलं ठाव हाय? मी. मिलात आम्ही नारळ मशीनच्या पायावर फोडायचो आन् पाणी वरून शिंपडायचो, तीस वर्सं तसंच केलं, लोखंडाला काय होतंय. इथं बी सिद्रामनं नारळ फोडला आन् वाटी माझ्या हातात दिली, आन् मी सहाच्या सहा कार्डांवर बोटांनी शिंपडलं, लई भक्तीनं. एकावर जास्त पडलं असंल, ते पंधरा दिस आत खात बसलं. मी तिथल्या तिथं सांगितलं, सिद्रू, हे माझ्या हातचं हाय, मशीन मी मारली.

तर तो हसला हो! हसला. म्हणला, जाऊ दे माय, तुला काय म्हाईत, माणसाकडनं चूक होतीच की. आन् माझ्यासाठी चहा करून आणला.

त्या चहानं माझ्या अंगाची आग झाली. कप तिथंच ठेवले. म्हणले, जिनं मशीन मारली तिला चहा, आन् जिनं घर वाचवलं तिला माहेर? ऊठ, आत्ताच्या आत्ता चिटगुप्प्याला जा. हा म्हणतो, जायचं कशाला, फोन करतो. केला. काय बोलला सांगू? म्हणला, मशीन सुरू झाली, ये. तिनं फोन ठेवून दिला. मी असते तर आपटला असता.

दुसऱ्या दिशी मीच गेले. विहीणबाईनं खुर्ची दिली, पाणी दिलं, मी पाणी प्यायच्या आधी समद्यांपुढं सांगितलं, पोरीचा काडीचा दोष न्हाई, हात माझा व्हता. महादेवी भांडी घासायली व्हती, तिथूनच म्हणली, आत्या, तुमचा हात सापडला म्हणून मी सुटले. उद्या दुसरं काय बंद पडलं आन् कुणाचाच हात सापडला न्हाई, तर मग माझाच का?

खरं बोलली ती. पाणी प्यायले आन् उठले.

आता तीन महिने झाले. ते कार्ड मेलं, बाकी पाच घरघरायलेत. सिद्राम म्हणतो, माय, शेजारपाजारचे विचारायलेत, तू जाऊन घेऊन ये. म्हणते, बस चिटगुप्प्याला तुला बी नेती. त्येची भाकर त्योच थापतो, जाडी, कच्ची, मी शिकवत न्हाई. महादेवी तिकडं ब्लाऊज शिवायली, मला दर आठवड्याला फोन करती, त्येला न्हाई. मी तिला सांगितलंय, तो तुझ्या बापाच्या दारात उभा राहून समद्यांपुढं चुकलं म्हणत न्हाई, तोवर तू येऊ नको, मी मेले तरी येऊ नको. देव तुला सुखात ठेवो बाई, आन् तुझं त्वांड असंच चालू ठेवो.