देवीला दिलेला पत्ता

"नवस बोलताना नाव, गाव सगळं सांगावं गं. देवीच्या दारात लेकरं पुष्कळ, तिनं नेमकं कुणाला शोधायचं?"

मालनताईंच्या सासूबाईंची ही शिकवण. सासूबाई गेल्या, शिकवण राहिली. मंडळी, ऐका. आज प्रश्न एवढाच, की जे माणूस मुळात नाहीच, त्याच्यावर धरलेला राग खोटा असतो का?

चाफवडीच्या मालनताई. सोवळ्याओवळ्याच्या, मुंगीला वाट देणाऱ्या. पण संध्याकाळी टीव्हीवर ती पोलीसतपासाची मालिका लागली की दूध उतू गेलं तरी उठायच्या नाहीत. खून कुणी केला, याचं त्यांना काय? त्यांचा जीव गुंतलेला इन्स्पेक्टर सरदेसाई आणि डॉक्टर मैथिली यांच्यात. ही मैथिली शवविच्छेदन करणारी. प्रेताशेजारी उभं राहून दोघं एकमेकांकडे बघायची. आता बघायची ती काय जागा, तुम्हीच सांगा! पण बायकांनी मोबाईलवर गट केला, 'आमची मैथिली'. लग्न कधी, साडी कुठली, सगळं ठरलं.

आणि मालिकेत आली नवी इन्स्पेक्टर, रेवा. सरदेसाई तिला चहा द्यायला लागले. झालं! गट पेटला. "सटवी कुठली." "हिला गोळी घाला कुणीतरी."

मालनताई तसलं लिहिणाऱ्या नव्हेत. त्या नेमाप्रमाणे माळाईच्या देवळात गेल्या, हात जोडले. "आई, त्या रेवाला उचल. तुझी खणानारळानं ओटी भरीन."

मग त्या थबकल्या. देवी थोडीच टीव्ही बघते? तिला रेवा कशी कळणार? सासूबाई आठवल्या. आणि या भाबड्या बाईनं देवीला नीट पत्ता दिला. "रेवा म्हणजे तिचं काम करणारी शाल्मली धामणस्कर, आई. माहेर देवरुख."

मंडळी, अंगावर काटा येतो ना? बोलताना त्यांच्या नाही आला.

त्याच आठवड्यात मालिकेत रेवाला गोळी लागली. गटात पेढे वाटल्याची चित्रं. मालनताई ओटीचं सामान काढत होत्या, तेवढ्यात सून नेत्रा आतून आली.

"आई, ती रेवाचं काम करायची ना, तिची गाडी घाटात कोसळली. शुद्धीवर नाही म्हणे."

गटात त्या बातमीखाली कुणीतरी लिहिलं होतं, "खरंच गेली तर बरं." पुढे हसरा चेहरा.

मालनताईंच्या हातातला नारळ गळला. तशाच अनवाणी त्या देवळात धावल्या. "गुरवकाका, नवस मागं घेता येतो का हो?"

"पोरी, सुटलेला शब्द कुठं मागं येतो? मागितलंस तरी काय?"

त्या गाभाऱ्याकडे वळल्या. देवीचे चांदीचे डोळे रोखलेले. घंटा हलली तरी त्या दचकत होत्या. शेवटी पुटपुटल्या, "आई, तिला उठव. तिची ओटी मी माझ्या हातानं भरीन. आणि काय मागितलं होतं, ते तिच्या तोंडावर सांगेन."

घरी अन्न गोड लागेना. फोन वाजला की नेत्राला उचलायला लावायच्या. अन् एका दुपारी नेत्रा म्हणाली, "शुद्धीवर आली हो ती. माहेरी नेणार आहेत."

तुम्ही म्हणाल, देवीनं ऐकलं. कुठलं ऐकलं, पहिलं की दुसरं? मी सांगू शकत नाही. अपघात नवसानं झाला असंही मी म्हणत नाही. पण "मर" म्हणताना तुमचं बोट कुणाच्या दारापर्यंत पोचतं, ते बघा. रेवा खोटी होती. तिच्यावरचा राग खरा होता, आणि खऱ्याला राहायला खरं घर लागतं. तुमच्या खिशातल्या फोनमध्ये आज कुणाचं नाव आहे?

मालनताई महिनाभर थांबल्या. ती पोरगी ऐकून काय म्हणेल, आई तिची दारात तरी उभं करील का, या धास्तीनं दोनदा एसटी स्टँडवरून परत फिरल्या. तिसऱ्या वेळी पहाटे उठल्या, तुळशीला पाणी घातलं, पिशवीत खण, नारळ, तांदूळ ठेवले. नेत्रा दारात आली.

"कुठं निघालात, आई?"

"देवरुखला. पत्ता मला पाठ आहे."

आवाज न करता त्यांनी फाटक ओढून घेतलं.