मोनाकोची गाडी

हॅलो?… कोण, फुल्विया?… अगं, आत्ता नको, मी नंतर करते तुला… हो, मजेत आहोत… आई? आई आहे ना. इथेच… म्हणजे, हात धुवायला गेलीय… आवाज कुठे कापतोय? वारा आहे. फलाटावर उभी आहे मी… रडत नाहीये गं. सर्दी झालीय.

…काय?

परत सांग. आईचा तुला फोन आला?… कसा येईल? तिचा मोबाइल माझ्या पिशवीत आहे… दुसऱ्या कोणाच्या फोनवरून. घरच्या नंबरवर. आणि तू नेमकी मांजराला खायला घालायला गेलेलीस. देव पावला गं बाई.

हो, खोटं बोलले. मग काय सांगणार होते? आई हरवली म्हणून? तू तिकडे इटलीत, बेल्लूनोत बसून जीव टांगणीला लावून घेतला असतास, दुसरं काय? मघापासून अख्खं आउग्सबुर्ग पालथं घातलंय मी. तो चौक, ते चर्च, ते आपल्या बाबांचं जुनं आइस्क्रीमचं दुकान… आता कुठलं दुकान? मोबाइलची कव्हरं विकतात तिथे.

अगं ऐक ना. ती काय म्हणाली, तेवढं सांग… अक्षर न् अक्षर… "मोनाकोच्या गाडीत बसले, चांगली माणसं भेटली, निवेसला म्हणावं काळजी करू नको." बरं… बरं. म्हणजे मला निरोप ठेवून रागारागाने एकटीच परत निघाली. आमचं हॉटेल मोनाकोलाच आहे ना, इथून जेमतेम अर्धा-पाऊण तास. दोन घटका इथे फिरायचं आणि संध्याकाळी परत, असं ठरलं होतं… हो, भांडण झालं. कशावरून काय? तिला त्या कव्हरांच्या दुकानासमोर बसून राहायचं होतं. "इथे तुझे बाबा उभे राहायचे, इथे सायकल लावायचे." मी म्हटलं, आई, आता काय उरलंय तिथे, चल जेवून घेऊ. म्हणाली, तुला तुझ्या बापाचं काही नाही. इथल्याच एका रेस्टॉरंटमध्ये बसलो, तिला इन्सुलिनचं इंजेक्शन दिलं, जेवण यायला उशीर झाला आणि मी पुन्हा काहीतरी बोलले. झालं. उठली आणि चालायला लागली. मला वाटलं, दारापर्यंत जाईल नि परत येईल.

…हो, इंजेक्शन घेतलं होतं.

नाही. घास पोटात गेलेला नाही. तेच सांगतेय तुला. सकाळी एक टोस्ट खाल्ला होता, तो केव्हाच जिरला. सुई टोचून जेवलं नाही की साखर भसाभस खाली येते, डॉक्टर किती वेळा ओरडलाय… माहीत आहे गं मला. मला कशाला सांगतेस, मीच तर टोचते ना तिला रोज?

तिने काही खाल्लं का, हे विचारलंस?… फोन कट झाला. बोगदा असेल. बरं, कोणाचा फोन होता तो?… दोन बायका. फ्रेंच. बरोबर घेतलं तिला, गाडीत बसवलं. बरं… दुमजली गाडी, अगदी वरच्या मजल्यावर खिडकीशी. बरं… आणि?

…पॅरिसला कशाला?

फुल्विया, नीट सांग. "पॅरिसला उतरवून पुढच्या गाडीत बसवून देतो", असं त्या बाईने म्हटलं? तुला स्वतःला म्हटलं?… मोनाकोच्या गाडीत. पॅरिसवरून मोनाकोला.

अरे देवा.

अगं, फुल्विया, आपलं मोनाको! आपण इटालियन म्हणतो मोनाको! इथे म्युनिकला मोनाको कोण म्हणतं? आपल्याखेरीज जगात कोणी म्हणत नाही! बाहेर मोनाको म्हणजे ते, समुद्राकाठचं, राजाचं, जुगाराच्या अड्ड्यांचं… ही फलाटावर "मोनाको, मोनाको" करत फिरली असेल आणि त्या बिचाऱ्यांनी धरून आपल्या गाडीत नेली. चांगलं करायला गेल्या… म्युनिक तिकडे राहिलं, ही उलट्या दिशेला चाललीय. थांब, बसते जरा.

हसू नकोस… रडतेस होय. नको रडू. एकीने रडायचं, एकीने करायचं, आणि आज रडायची पाळी माझी आहे. तुला शाळेत फ्रेंच होतं ना? मला मेलं जर्मन होतं, तेही येत नाही. घरच्या फोनवर आला ना त्या फ्रेंच बाईचा नंबर? त्यावरून तिला लाव, आणि हा मोबाइल कानाला तसाच ठेव. अजिबात कट करायचा नाही… लाव, लाव.

…ओ बाई! ऐका ना. माझी आई. पॅरिसची गाडी, आत्ता गेलेली. आजारी, आजारी… हो. पुढचं स्टेशन कोणतं? उल्म?… फुल्विया, ही स्टेशनवरची बाई म्हणतेय, गाडी उल्मला थांबते. ती गार्डला कळवतेय, फलाटावर डॉक्टरही बोलावते म्हणतेय. पण वेळ आहे अजून उल्मला… तुझं काय? लागला?

विचार, आई कशी आहे… झोपलीय.

झोपलीय म्हणजे? कशी झोपलीय? घाम आलाय का विचार… आलाय. कपाळ ओलं आहे. अंगावर कोट घातलाय, थकली आहे, झोपू दे म्हणतात. अगं, झोपली नाहीये ती! उठवा म्हणावं तिला! हलवा, गालावर मारा! साखर द्या, काहीही गोड द्या, लगेच!

…का देत नाही?

…आईनेच सांगितलं. मधुमेह आहे, गोडाचं पथ्य आहे. कार्ड काढून दाखवलं. हो, दाखवणारच. लग्नात गेली तरी आधी कार्ड दाखवते, आख्ख्या गावाला पाठ आहे तिचं पथ्य… बिस्किट देत होत्या, हिने घेतलं नाही. आणि आता त्या बायका म्हणतात, आम्ही साखर देऊन पाप कसं करू?… अगं, त्यांचं बरोबर आहे, पण आज उलटं झालंय! सांग त्यांना! त्या पथ्यापायी जाईल ती! ओरड. तुला ओरडता येत नाही का? मांजरावर ओरडतेस तशी ओरड!

…काय म्हणाली?… डॉक्टर आल्याशिवाय नाही म्हणते? तिला सांग, मी मुलगी आहे. सांग, तुमची आई असती तर. सांग, सुई मी टोचली, माझ्या हाताने, आणि जेवू घातलं नाही. माझ्यावर येऊ दे सगळं. साखरेला काय म्हणतात फ्रेंचमध्ये? जवळपास तेच ना? फोन स्पीकरवर टाक, मीच ओरडते… सुक्र! सुक्र, मॅडम! प्लीज! सुक्र!

…फुल्विया? काय झालं? बोल ना.

दिली. कॉफीबरोबरच्या साखरेची पाकिटं आहेत. गिळतेय का विचार आधी. गिळत नसेल तर पाणी ओतू नका म्हणावं, घशात जाईल. नुसती हिरड्यांना चोळा. ओठ उघडून, आतून, बोटाने… चोळतेय. बरं. अजून एक पाकीट. अजून. मोजत बसू नका म्हणावं.

…काही हालचाल?

…काही नाही.

आई गं. आई. ऐकतेस ना फुल्विया, तू फोन ठेवू नकोस हां. मला काही सुचत नाहीये. इथे समोर एक म्हातारी सँडविच खातेय, तिच्याकडे बघवत नाही. मी त्या दुकानासमोर बसू दिलं असतं तर काय बिघडलं असतं माझं? बसली असती, चार गोष्टी सांगितल्या असत्या… अजून काही नाही?… चोळत राहा म्हण.

…काय? काय केलं?

बोट चावलं?… आईने त्या बाईचं बोट चावलं! चावू दे! चांगलं चावू दे! आता रस असेल तर पाजा म्हण, घोट घोट… आहे? संत्र्याचा? पाजा. गिळतेय… गिळतेय.

…ऐकू येतंय मला. आईच आहे ती. काय बडबडतेय?… "इतकं गोड. मला मारायला निघालात का?" हो गं आई, हो, तसंच समज. देऊ दे शिव्या. त्यांना कळत नाही तेच बरं.

हं… हं, आली माझीही गाडी. उल्मचीच, फलाटावरच्या पोराला पाटीवर बोट ठेवून विचारून घेतलं, तोंडाने गावाचं नाव नाही घेतलं. चढले… बोल. आता काय?

…उतरत नाही म्हणते? का?… मोनाको आलं नाही म्हणून. उल्मला उतरायचं काय काम म्हणते. तिकीट मोनाकोचं आहे… गार्ड आलाय, त्याचंही ऐकत नाही. सीट धरून बसलीय. अगं, गाडी थांबेल आणि सुटेल एवढ्यात!

माझं नाव सांग ना… सांगितलंस. मग?… "निवेस कुठाय? एकटीच कुठे गेली ती? हिला सवयच आहे हात सोडून पळायची." असं म्हणाली?

बरं. मग असं कर. सांग तिला, निवेस हरवलीय. परक्या गावात एकटी आहे, काही खाल्लेलं नाही. उल्मच्या स्टेशनवर आईची वाट बघत रडतेय… खोटं कुठे आहे? स्टेशन तेवढं वेगळं. सांग तू.

…सांगितलंस?… काय करतेय?

उठली.

…कोट मागतेय. बरं… बरं. ठेवते गं.